पेहराव प्रसंगाचा, माप स्वतःचे

लग्नसराई सुरू झाली किंवा महाविद्यालयांतून नोकरभरतीचे दिवस आले की दादरच्या दुकानांपासून पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यापर्यंत कपडेखरेदीला उधाण येते. या खरेदीतील बहुतेक वेळ रंग, किंमत आणि ब्रँड यांच्या निवडीत जातो. कपडा अंगावर नीट बसतो की नाही, हा प्रश्न मात्र ट्रायल रूममध्ये दोन मिनिटांत उरकला जातो. वास्तविक, पाहणाऱ्याच्या नजरेत प्रथम भरते ते फिटिंग. खांद्यावरून ओघळणारा महागडा ब्लेझर आणि मापात बेतलेला साधा सुती शर्ट यांत शर्टच अधिक नेटका दिसतो.

मापांचा घोळ

तयार कपड्यांवरील ३८, ४०, ‘मीडियम’, ‘लार्ज’ ही मापे सर्वत्र सारखी असतात, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात एका कंपनीचा ४० क्रमांकाचा शर्ट दुसऱ्या कंपनीच्या ४२ क्रमांकाएवढा निघू शकतो. भारतीयांच्या शरीराच्या मोजमापांवर आधारलेले प्रमाण कोष्टक आपल्याकडे दीर्घकाळ नव्हते. ब्रिटन, अमेरिकेतील कोष्टकांत थोडेफार फेरफार करून उत्पादक काम भागवत आले. ही उणीव भरून काढण्यासाठी केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या साहाय्याने राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजेच ‘निफ्ट’ने, ‘इंडिया साइज’ हे सर्वेक्षण हाती घेतले. १५ ते ६५ वर्षे वयोगटातील सुमारे २५ हजार स्त्री-पुरुषांची त्रिमितीय स्कॅनरने मोजमापे घेण्याचे उद्दिष्ट त्यात ठेवण्यात आले.

छाती ४० आणि पोट ३९ इंच असलेल्या गृहस्थाने छातीच्या मापाचा शर्ट घेतला, तर तो पोटावर ताणतो. पोटाच्या मापाचा घेतला, तर खांदे दंडावर उतरतात. रुंद दंड व लहान पाठ असलेल्या स्त्रीची कुर्तीच्या बाबतीत हीच गत होते. अशा वेळी कोष्टकाला बोल न लावता अनेकजण, विशेषतः वयात येणारी मुले-मुली, आपल्या अंगातच काही खोट आहे असे समजून दुकानाबाहेर पडतात. ‘वजन उतरल्यावर होईल’ म्हणून मुद्दाम लहान मापाचा कपडा घेणारेही कमी नाहीत. तो कपडा वर्षानुवर्षे कपाटात पडून राहतो. आज जे शरीर आहे त्याच्या सर्वांत रुंद भागाला सुखाने बसेल असा कपडा घ्यावा आणि उरलेला भाग शिंप्याकडून कमी करून घ्यावा, हा याहून शहाणा मार्ग आहे.

आधी खांदा पाहावा

शर्ट, कुर्ता, झब्बा, शेरवानी, कोट यांपैकी काहीही घेताना प्रथम खांदा तपासावा. खांद्याची शिवण हाडाच्या टोकावर संपली पाहिजे. ती दंडावर उतरली तर कपडा उसना आणल्यासारखा वाटतो आणि मानेकडे सरकली तर बाही ओढली जाते. कॉलरचे बटण लावल्यावर आत दोन बोटे सहज शिरावीत. मनगटाचे हाड झाकले जाईल इतकी बाही असावी. कोटाच्या बाहीखालून शर्टाचा कफ साधारण अर्धा इंच दिसावा. पँटच्या पायघोळाची बुटावर एखादीच हलकी घडी पडावी. टाचेखाली चिरडणारी पँट कितीही उंची कापडाची असली तरी गबाळीच दिसते.

कपड्यावरील चुण्या पुष्कळ काही सांगतात. बटणापासून चारी दिशांना ताणलेल्या फुलीसारख्या रेषा उमटल्या, तर कपडा त्या जागी आवळ आहे. उभे झोळ पडले, तर तो सैल आहे. आरशासमोर ताठ उभे राहून हे नेहमी कळत नाही. खुर्चीत बसून पाहावे, हात वर करून पाहावे, पुढे वाकून पाहावे. लोकलमधील दांडी धरताच शर्ट कमरेतून पूर्ण बाहेर येत असेल, तर त्याची लांबी कमी आहे किंवा मुंढा फार खोल कापलेला आहे. उथळ मुंढ्याच्या कपड्यात हात मोकळा फिरतो. ब्लाउजच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. सैल मुंढ्याचा ब्लाउज आरामदायी असेल या समजुतीने शिवून घेतला जातो आणि हात उचलला की सबंध ब्लाउजच वर सरकतो.

शिंपी काय करू शकतो आणि काय नाही, याची माहिती खरेदीपूर्वीच असलेली बरी. कंबर, बाजूची शिवण, बाहीची व पँटची लांबी कमी करणे सोपे असते. कोटाचा खांदा बदलणे म्हणजे तो जवळजवळ नव्याने शिवणे होय आणि त्याची मजुरी अनेकदा परवडत नाही. सैल करण्याचे सारे गणित मात्र शिवणीतील ‘माया’ किती, यावर अवलंबून असते. आत दडवून ठेवलेल्या जादा कापडाला मराठीत इतका सुंदर शब्द आहे! घराजवळचा शिंपी ब्लाउजच्या दोन्ही बाजूंना माया सोडून दोन-तीन समांतर टिपा मारतो. अंग भरले की एक टीप उसवली, काम झाले. कारखान्यात शिवलेल्या कपड्यांत ही माया बहुधा नाममात्र असते, म्हणून विकत घेताना कपडा उलटा करून शिवण पाहावी. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. ते शिवायला देण्यापूर्वी एकदा पाण्यातून काढून वाळवावे.

प्रसंग आणि पेहराव

मुलाखतीसाठी नवा कोरा कपडा त्याच दिवशी पहिल्यांदा अंगावर चढवू नये. तो आदल्या आठवड्यात काही तास घालून वावरावे, म्हणजे काचणारी कॉलर आणि चावणारा बूट वेळीच लक्षात येतो. मित्राचा ब्लेझर मागून आणण्यापेक्षा स्वतःच्या मापाचा फिकट शर्ट आणि गडद पँट केव्हाही चांगली. कोट असल्यास कल्याण-विरारच्या गर्दीत तो अंगावर न घालता अस्तर बाहेर येईल अशी घडी करून हातावर घ्यावा आणि कार्यालयात पोहोचल्यावर घालावा. बसताना कोटाची बटणे सोडावीत. उभे असतानाही सर्वांत खालचे बटण उघडेच ठेवण्याचा संकेत आहे. पोट सुटलेल्या सातव्या एडवर्ड राजामुळे तो पडला, अशी आख्यायिका सांगतात.

कार्यालयीन पेहरावाबाबत आपल्याकडे शासनालाही वेळोवेळी बोलावे लागले आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने परिपत्रक काढून कर्मचाऱ्यांना जीन्स व टी-शर्ट टाळण्यास आणि शुक्रवारी खादी वापरण्यास सांगितले. मार्च २०२४ मध्ये शिक्षकांच्या पेहरावाबाबत सूचना निघाल्या. देवस्थानांचे नियम वेगळेच. मुंबईच्या सिद्धिविनायक मंदिर न्यासाने जानेवारी २०२५ मध्ये तोकडे कपडे व फाटक्या जीन्सवर निर्बंध जाहीर केले. अशा नियमांविषयी मतभेद असू शकतात, पण ठिकाणचा रिवाज आधी विचारून घेतल्यास दारातून परतण्याची वेळ येत नाही.

लग्नात सकाळचा मुहूर्त आणि संध्याकाळचे स्वागत यांचा पेहराव वेगळा धरावा. मे महिन्यातील दुपारी अस्तराची जड शेरवानी घालून घामाघूम होणारे नवरदेव दर वर्षी दिसतात. त्यापेक्षा विधींना धोतर-उपरणे किंवा सुती-रेशमी झब्बा आणि संध्याकाळी कोट, ही विभागणी सुखाची ठरते. पैठणीचा जरीचा पदर जड असतो, त्यामुळे ब्लाउजचा खांदा ढिला असेल तर तो पदरासोबत घसरतो. साडीची उंची ठरवताना, फॉल लावून घेताना आणि निऱ्या घालून पाहताना त्या दिवशी वापरायची चप्पलच पायात असावी.

काळा रंग मंगलकार्यात टाळण्याची रीत अद्याप बऱ्याच घरांत पाळली जाते, मात्र संक्रांतीला तोच मानाचा. नव्या सुनेच्या पहिल्या सणाला काळी चंद्रकळा आणि हलव्याचे दागिने हवेतच. सांत्वनाला जाताना पांढरे वा फिकट, बिनभडक कपडे असावेत. तेथे कपड्याकडे कोणाचे लक्षच जाऊ नये, हे उत्तम.

शिंप्याकडे जाण्याची वेळही महत्त्वाची. दिवाळीच्या आणि लग्नांच्या तोंडावर त्याच्याकडे कामाचा ढीग पडलेला असतो आणि घाईत मारलेली टीप वाकडी जाते. महिनाभर आधी कापड द्यावे, नेमाने वापरायची अंतर्वस्त्रे घालूनच माप द्यावे आणि समारंभाच्या किमान आठ दिवस आधी शेवटची ट्रायल घ्यावी, म्हणजे काही चुकले तरी उसवून पुन्हा शिवायला अवधी राहतो.