सिलिॲक विकार आणि गहू : एका वैद्यकीय शोधाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

गहू, जव व राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. आनुवंशिक प्रवणता असलेल्या काही व्यक्तींमध्ये त्यामुळे लहान आतड्याच्या अस्तराला इजा होऊन अन्नाचे शोषण मंदावते. हाच सिलिॲक विकार होय. आयुष्यभर ग्लुटेन वर्ज्य करणे हाच त्यावरील प्रस्थापित उपचार आहे. हा उपचार दुसऱ्या महायुद्धातील डच दुष्काळात योगायोगाने सापडला, असे वारंवार सांगितले जाते. हे कथन कालक्रमाच्या कसोटीवर तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

गव्हापूर्वीचे तर्क

१८८८ मध्ये लंडनचे वैद्य सॅम्युअल गी यांनी या विकाराचे आधुनिक काळातील पहिले नेमके वर्णन प्रसिद्ध केले. रोगी बरा व्हायचा असेल तर तो आहारानेच होईल, हे त्यांनी ओळखले होते. मात्र त्यांनी भात निषिद्ध ठरवला आणि पातळ कापून भाजलेल्या पावाला मुभा दिली. दिशा अचूक होती, पण धान्य चुकले होते.

१९२४ मध्ये न्यूयॉर्कचे सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार सुचवला. त्यात पाव व इतर धान्येही वर्ज्य असल्याने मुले सुधारली. श्रेय मात्र केळ्याला मिळाले. ही चूक केवळ तात्त्विक नव्हती. विकार कायमचा बरा झाला, या समजुतीने मुलांना पुन्हा गहू दिला जाई आणि आतड्याची हानी नव्याने सुरू होई.

डिके यांचे कार्य

विलेम कारेल डिके (१९०५-१९६२) हे हेग येथील ज्युलियाना बालरुग्णालयात बालरोगतज्ज्ञ होते. पाव बंद केल्यावर मुलाचा त्रास कमी होतो, हे एका आईने त्यांना सांगितल्याचे नंतरच्या चरित्रपर लेखनात नमूद आहे. १९४१ मध्येच त्यांनी पाव वगळलेल्या आहाराविषयी डच वैद्यकीय नियतकालिकात लेख प्रसिद्ध केला.

दुष्काळ आला तो त्यानंतर. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे पश्चिम नेदरलँड्समध्ये अन्नधान्य दुर्मिळ झाले, लोकांनी ट्युलिपचे कंदही खाल्ले आणि सुमारे २०,००० माणसे दगावली. त्या काळातील अनुभवाने डिके यांची खात्री अधिक दृढ झाली, पण मूळ कल्पना त्याआधीची होती. युद्धानंतर त्यांनी गहू देऊन व काढून मुलांवरील परिणाम नोंदवले आणि १९५० मध्ये उट्रेख्ट विद्यापीठास प्रबंध सादर केला. पुढे वायर्स व व्हान द कामर यांच्या सहकार्याने, विष्ठेतील स्निग्धांशाच्या मोजमापाच्या आधारे, दोष ग्लुटेनमध्ये असल्याचे दाखवण्यात आले.

भारतीय संदर्भ

उत्तर भारतीय बालकांतील सिलिॲक विकाराविषयीचा निबंध १९६६ मध्येच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला होता. तरीही हा पाश्चात्त्यांचा विकार आहे, ही समजूत दीर्घकाळ टिकली. महाराष्ट्रातील रुग्णाला ज्वारी, बाजरी, नाचणी व तांदूळ यांचा पारंपरिक आधार आहे. परंतु गिरणीत गव्हावर दळलेले ज्वारीचे पीठ किंवा मैदा मिसळलेला हिंग हा आधार निष्फळ करू शकतो. तसेच तपासणीपूर्वीच गहू सोडल्यास निदान चुकण्याची शक्यता असते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून स्पष्ट होते की, दुष्काळाने शोध लावला नाही. आधीच केलेल्या निरीक्षणाला त्याने पुष्टी दिली. योगायोगाची कथा आकर्षक असली तरी तिच्यामुळे डिके यांची अनेक वर्षांची चिकाटी आणि घरातील ताटाकडे लक्ष ठेवणाऱ्या आईचे म्हणणे, दोन्ही झाकले जातात. आजही या विकाराचे निदान अनेकदा उशिरा होते. म्हणून रुग्णाच्या घरातून येणारी माहिती ऐकून घेणे, हाच या इतिहासाचा वर्तमानासाठी अर्थ आहे.