१३५ क्रमांकाचे दार

११ ऑगस्ट २००३ रोजी ‘ब्लास्टर’ हा वर्म इंटरनेटवर पसरू लागला. विंडोज २००० आणि एक्सपीमधील एका त्रुटीचा फायदा घेऊन तो १३५ क्रमांकाच्या पोर्टमधून शिरे. वापरणाऱ्याने काही उघडण्याचीही गरज नसे. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती १६ जुलैलाच दिली होती, पण घरोघरचे असंख्य संगणक तसेच उघडे होते. दुरुस्ती उतरवायला इंटरनेट जोडावे, तर तेवढ्यात संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होई. अखेर अनेक इंटरनेट कंपन्यांनी हे पोर्ट आपल्या जाळ्यातच अडवले. उपाय ढोबळ, पण कामाचा. घरून आउटलुकने कार्यालयाच्या एक्स्चेंज सर्व्हरशी थेट जोडणाऱ्यांचे टपाल मात्र त्यात अडकले. ऑगस्ट २००४ मधील सर्व्हिस पॅक २ पासून एक्सपीची फायरवॉल आपसूक चालू राहू लागली. पोर्टबंदी तरीही अनेक ठिकाणी कायम राहिली.