सायनाइड : संज्ञेचा व उपयोगांचा इतिहास

कार्बनाचा एक व नायट्रोजनाचा एक अणू त्रिबंधाने जोडले जाऊन बनलेल्या ऋण विद्युत् भारित गटास सायनाइड गट म्हणतात व हा गट असलेल्या लवणांना सायनाइडे ही संज्ञा आहे. व्यवहारात सायनाइड म्हणजे प्राणघातक विष एवढाच अर्थ रूढ असला, तरी या शब्दाच्या मुळाशी विष नसून रंग आहे. ‘क्यानॉस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ गडद निळा असा होतो. सोडियम व पोटॅशियम यांची सायनाइडे मात्र पांढरी असून हायड्रोजन सायनाइड वर्णहीन असते. ही विसंगती या संयुगांच्या शोधाच्या इतिहासातून उद्‌भवली आहे. रंग, धातू व विष या तिन्हींशी सायनाइडाचा आलेला संबंध हा धातूंच्या अणूंशी घट्ट बद्ध होण्याच्या त्याच्या एकाच गुणधर्माचा परिणाम होय.

बर्लिन येथील डीसबाख हा रंग तयार करणारा कारागीर सुमारे १७०६ मध्ये कोचिनियल किड्यांपासून तांबडे रंगद्रव्य बनवीत होता. त्याने वापरलेले पोटॅश प्राणिज द्रव्याने दूषित झालेले असल्यामुळे तांबड्याऐवजी गडद निळे रंगद्रव्य मिळाले. हेच प्रशियन निळे होय. मौल्यवान लाजवर्द खड्यापासून मिळणाऱ्या निळ्या रंगापेक्षा ते पुष्कळ स्वस्त असल्याने चित्रकारांत त्याचा झपाट्याने प्रसार झाला. त्यात लोह असून ते अल्कलीच्या क्रियेने वेगळे करता येते, असे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ माकेर यांनी १७५२ मध्ये दाखविले. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ शेले यांनी १७८२ मध्ये या रंगद्रव्यापासून एक अम्ल मिळविले. ते प्रशिक अम्ल म्हणून ओळखले जाऊ लागले. जर्मन भाषेत त्यास ‘निळे अम्ल’ अशा अर्थाचे नाव पडले. सर्व अम्लांत ऑक्सिजन असतो, असे मत तेव्हा प्रचलित होते. या अम्लात तो नाही, हे बेर्तॉले यांनी १७८७ मध्ये दाखवून त्या मताला धक्का दिला. गे-ल्युसॅक यांनी १८१५ मध्ये अम्लाचे संघटन निश्चित केले आणि त्यातील मूलगटास ‘सायनोजेन’ म्हणजे ‘निळा रंग उत्पन्न करणारे’ असे नाव दिले. सायनाइड ही संज्ञा त्यावरूनच आली.

सायनाइडाच्या विद्रावात सोने व चांदी विरघळतात. या गुणधर्मावर आधारलेल्या विद्युत् विलेपनाच्या पद्धतीचे एकस्व एल्किंग्टन या चुलत भावांनी इंग्लंडमध्ये १८४० मध्ये घेतले. ग्लासगो येथील मॅकआर्थर यांनी फॉरेस्ट बंधूंच्या साह्याने १८८७ मध्ये खनिजातून सोने काढण्याची पद्धती शोधली. तीत खडकाच्या चूर्णावर सायनाइडाच्या विरल विद्रावाची हवेच्या सान्निध्यात क्रिया करतात व विरघळलेले सोने जस्ताच्या साह्याने परत मिळवितात. दक्षिण आफ्रिकेतील विटवॉटर्झरँड येथे खोलवरच्या खनिजातील पुष्कळसे सोने पाऱ्याच्या पद्धतीने हाती लागत नव्हते. १८९० पासून तेथे ही पद्धती आल्यावर तो खाणउद्योग तगला.

या लाभाची किंमतही मोठी आहे. रूमानियातील बाया मारे येथे ३० जानेवारी २००० रोजी सोन्याच्या कारखान्याचा बांध फुटून सुमारे १ लाख घन मी. दूषित पाणी नद्यांत शिरले. टिसा नदीतील मासे मोठ्या प्रमाणावर मेले व विष डॅन्यूबपर्यंत पोहोचले. कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणी २००१ मध्ये बंद झाल्या. पण सोने काढून उरलेल्या चूर्णाचे प्रचंड ढीग वस्तीलगतच राहिले आणि ते सायनाइडाच्याच नावाने ओळखले जातात.

शरीरात सायनाइड पेशींतील सायटोक्रोम ऑक्सिडेज या एंझाइमातील लोहाला चिकटते. त्यामुळे रक्तात ऑक्सिजन असूनही पेशींना तो वापरता येत नाही व अल्पावधीत मृत्यू येतो. कडू बदाम, कसावा व कोवळी ज्वारी यांत सायनाइड मुक्त करणारी संयुगे असतात; म्हणूनच कोवळी ज्वारी खाल्ल्याने गुरांना विषबाधा होते. कीटकनाशक म्हणून तयार केलेल्या ‘झायक्लॉन बी’ या हायड्रोजन सायनाइडयुक्त द्रव्याने नाझींनी १९४१ पासून ऑश्वित्झ येथे लक्षावधी माणसे मारली. त्यांत बहुसंख्य ज्यू होते. भोपाळ येथे १९८४ मध्ये गळलेला मिथिल आयसोसायनेट हा वायू मात्र नामसाधर्म्य असले, तरी सायनाइड नव्हे. त्याच्या रेणूतील गटात ऑक्सिजनही असतो. बाधितांच्या शरीरात सायनाइड निर्माण झाले होते किंवा कसे, याविषयी मोठा वाद झाला.

या विषावरील काही उतारेही धातूशी असलेल्या याच आकर्षणावर आधारलेले आहेत. नायट्राइटामुळे रक्तातील काही हीमोग्लोबिनाच्या लोहाचे रूप बदलते व ते सायनाइडाला पेशींपासून ओढून घेते. हायड्रॉक्सोकोबालमिनातील कोबाल्टही तेच कार्य करते. प्रशियन निळ्यात सायनाइड लोहाशी इतके घट्ट जखडलेले असते की, ते रंगद्रव्य सहसा विषारी ठरत नाही. उलट, थॅलियम व किरणोत्सर्गी सीझियम यांच्या बाधेवर ते औषध म्हणून देतात. ब्राझीलमधील गोयानिया येथे १९८७ मध्ये सीझियमाची बाधा झालेल्यांवर त्याच्या साह्याने उपचार करण्यात आले. ज्या रंगद्रव्यावरून या विषाला नाव मिळाले, ते स्वतः अशा रीतीने औषध ठरले आहे.