खुंट कोणी उपटले? किनाऱ्याच्या समुद्रावर राज्याचा अधिकार आला कुठून

सागरी मासेमारीवर रिसर्च प्रपोजल लिहायला बसलेल्या बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ नुसार...’ मीही तसंच लिहिलं होतं. गाईडनी ड्राफ्ट परत दिला तेव्हा त्या वाक्यासमोर समासात पेन्सिलीने एवढंच होतं, ‘आणि १९८० मध्ये समुद्र कोणाचा होता?’

प्रश्न वाचून आधी राग आला. मग शोधायला लागलो, आणि प्रकरणाची सुरुवात एकशे दहा वर्षं मागे गेली.

तर १८७१ मध्ये जाऊ. मुंबई उच्च न्यायालयासमोर एक फौजदारी खटला आला, राणी विरुद्ध कास्त्या रामा. (नाव इंग्रजी रिपोर्टात आहे, त्यामुळे कास्त्या की कस्त्या हे तुम्ही ठरवा.) आरोप काय, तर एका गावच्या लोकांनी समुद्रात रोवलेले मासेमारीचे खुंट दुसऱ्या गावच्या लोकांनी उपटून टाकले. जागा किनाऱ्यापासून तीन मैलांच्या आतली.

हे भांडण कळायला डोल जाळं माहीत हवं. डोल म्हणजे शंकूसारखी भलीमोठी पिशवी. तोंड रुंद, शेपटीकडे निमुळती. ती ओढत न्यायची नसते. समुद्राच्या तळात खुंट रोवायचे, त्यांना जाळं बांधायचं आणि बाकीचं काम भरती-ओहोटीवर सोडायचं. पाण्याच्या ओढीबरोबर बोंबील, जवळा, करंदी आत शिरतात. उत्तर कोकणात खुंट रोवलेल्या या जागेला ‘कव’ म्हणतात. या मासेमारीत जाळ्याइतकीच, किंबहुना जास्तच, किंमत जागेला असते. तुमच्या कवीच्या पुढ्यात, ओढ येते त्या बाजूला, कोणी दुसरी कव मारली की तुमची पिशवी रिकामी. चोरी झाली असं म्हणता येत नाही, कारण मासा अजून तुमचा झालेलाच नव्हता. पण घरी चूल पेटायची पंचाईत होतेच.

म्हणजे खुंट उपटणं हा नुसता दांडगटपणा नव्हता, हे आधी लक्षात घ्या. कोर्टापुढचा प्रश्न मात्र कोळ्यांच्या प्रश्नापेक्षा वेगळा होता. दंड संहिता नुकतीच, १८६० मध्ये झालेली. तिच्यातला ‘आगळीक’ हा गुन्हा जमिनीवर लागू होतो हे उघड आहे, पण लाटांवर? जिल्ह्याची हद्द कुठे संपते? न्यायालयाने म्हटलं, किनाऱ्यापासून तीन मैलांच्या आत, सरकारच्याच प्रजेने सरकारच्याच प्रजेचे खुंट उपटले आहेत, तेव्हा नेहमीचा फौजदारी कायदा लागू होतो.

आता पाच वर्षं पुढे या आणि लंडनला चला. फेब्रुवारी १८७६ मध्ये ‘फ्रँकोनिया’ हे जर्मन जहाज डोव्हरजवळ, किनाऱ्यापासून तीन मैलांच्या आत, एका ब्रिटिश जहाजावर आदळलं आणि त्यात एक प्रवासी स्त्री बुडाली. जर्मन कप्तान काइनवर खटला चालला. तिथे न्यायाधीशांनी सात विरुद्ध सहा असा निकाल दिला की संसदेने तसा कायदा केलेला नसताना या पाण्यात परदेशी माणसावर खटला चालवण्याचा आम्हाला अधिकार नाही. मग संसदेला १८७८ मध्ये त्यासाठी खास कायदा करावा लागला.

हे दोन निकाल शेजारी ठेवले की मोह होतो. मलाही झाला. ‘जो अधिकार साम्राज्याला इंग्लंडच्या किनाऱ्यावर सापडला नाही तो त्याने कोकणात सहज गाजवला’ असं झकास वाक्य मी लिहून टाकलं होतं. सेमिनारमध्ये टाळ्या मिळाल्या असत्या. पण दोन खटल्यांत मोठा फरक आहे: मुंबईतले आरोपी इथली प्रजा होती, लंडनमधला परका. आपल्या माणसाला शिक्षा करायला हद्द लागतेच असं नाही, परक्याला करायला लागते. तुलना बाद होत नाही, पण ते वाक्य मात्र मी खोडलं. असं वाक्य तुमच्या हातून लिहून झालं की एक रात्र जाऊ द्या, मग निकाल पुन्हा वाचा.

त्याच १८७६ मध्ये मुंबईत दुसरा दावा निकाली निघाला, बबन मायाचा विरुद्ध नागू श्रावुचा. या वेळी दिवाणी. नावं बघा: मायाचा बबन, श्रावुचा नागू. आडनाव नसलेल्या माणसांना कारकुनाने बापाच्या नावावरून नोंदवलेलं दिसतं. मासेमारीच्या इतिहासात सामान्य कोळी आपल्याला भेटतो तो असाच, भांडणात सापडल्यावर. शांतपणे मासे मारणाऱ्याची नोंद कोण ठेवतो? आपल्या साधनांचा हा कल ध्यानात ठेवला नाही तर किनाऱ्यावर बारा महिने मारामाऱ्याच चालायच्या असं वाटायला लागतं.

या दाव्यात न्यायालयाने जे तत्त्व सांगितलं ते पुढे दीर्घकाळ उद्धृत होत राहिलं. समुद्रात मासे मारण्याचा हक्क सगळ्यांचा आहे. पण तो वापरायचा तो रास्तपणे, दुसऱ्याला तोच हक्क वापरता येईल अशा बेताने. एखाद्याच्या वागण्यामुळे दुसऱ्याला मासेमारी करणंच अशक्य होत असेल, तर त्याने नुकसान केलं असं कायदा मानील.

इथे थोडं थांबा, कारण माझ्या प्रबंधाचा सगळा डोलारा या जागेवर उभा आहे. सरकार समुद्राकडे धोरण घेऊन, मासे वाचवायला आलं असं आपण धरून चालतो. या दोन खटल्यांत तसं काहीच दिसत नाही. माशांचा साठा कोणाच्या डोक्यातही नाही. सरकार पाण्यात उतरलं ते दोन गावांच्या भांडणामागून, न्यायाधीश म्हणून. नियमनाचा अधिकार नंतर आला.

तो आला १८९७ मध्ये, भारतीय मत्स्य अधिनियमातून. कायदा छोटासाच. पाण्यात सुरुंग फोडून किंवा विष कालवून मासे मारायला बंदी. शिक्षा दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. त्यातलं कलम चार उघडून बघाच. ‘पाणी’ या शब्दात किनाऱ्यापासून एक सागरी लीगपर्यंतचा, म्हणजे तीन सागरी मैलांचा समुद्र धरावा, आणि तिथे घडलेला गुन्हा लगतच्या जमिनीवर घडला असं समजून चालवावा, असं ते सांगतं. थोडक्यात, समुद्राला गावाचं शिवार करून टाकलं. १८७१ मध्ये न्यायाधीशांनी अंदाजाने जे केलं ते इथे छापील झालं.

पुढचा टप्पा भराभर सांगतो. १९३५ च्या कायद्याने मासेमारी प्रांतांकडे दिली आणि प्रादेशिक समुद्रापलीकडची केंद्राकडे ठेवली. संविधानाने तीच वाटणी उचलली: सातव्या अनुसूचीत राज्य सूचीची नोंद २१, ‘मत्स्यव्यवसाय’, संघ सूचीची नोंद ५७, ‘प्रादेशिक समुद्रापलीकडील’ मासेमारी. ह्या दोन नोंदी सगळ्या नोट्समध्ये असतात, परीक्षेलाही येतात. ज्याकडे लक्ष जात नाही ते असं की मधली रेघ राज्याच्या हातात नाही. प्रादेशिक समुद्र किती रुंद हे केंद्र ठरवतं. १९५६ मध्ये तो सहा सागरी मैल झाला, १९६७ मध्ये बारा, आणि १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याने बारा कायम होऊन त्यापलीकडे दोनशे मैलांपर्यंतचं अनन्य आर्थिक क्षेत्र आलं. राज्यांच्या विधानसभांनी एकही ठराव केला नाही, तरी त्यांच्या अखत्यारीतला समुद्र आपोआप चौपट रुंद झाला.

अधिकार वाढला, पण त्याचं करायचं काय हे राज्यांना सुचलेलं नव्हतं. ते सुचवलं ट्रॉलरने. १९५० च्या दशकात केरळात भारत-नॉर्वे प्रकल्पाने यांत्रिक बोटी आणल्या, कोळंबीला परदेशात भाव मिळायला लागला, आणि सत्तरच्या दशकापर्यंत तळ खरवडत जाणारी जाळी किनाऱ्याला भिडली. गोव्यात रापणकरांची जाळी फाटायला लागली. किनाऱ्यावरून चाळीसपन्नास माणसांनी ओढायची रापण आणि उथळ पाण्यात घुसलेला ट्रॉलर, हा सामना बरोबरीचा नव्हताच. माथानी साल्ढाणांच्या नेतृत्वाखाली रापणकर रस्त्यावर उतरले. तामिळनाडूत आणि केरळातही समुद्रात हाणामाऱ्या झाल्या.

आता केंद्राची अडचण बघा. भांडण प्रादेशिक समुद्रात आहे, आणि तिथे कायदा करायचा अधिकार केंद्राला नाही. म्हणून केंद्राने एक नमुना विधेयक तयार करून राज्यांकडे धाडलं. १९८० मध्ये केरळ आणि गोव्याचे कायदे झाले, १९८१ मध्ये आपला. माझ्या पहिल्या ड्राफ्टची सुरुवात जिथे होती तिथे आपण आत्ता कुठे पोचलो.

केरळच्या कायद्यात राज्याने मासेमारीवर निर्बंध कशासाठी घालावेत याची कारणं दिली आहेत. पहिलं, वेगवेगळ्या मच्छीमारांचे, विशेषतः पारंपरिक होड्या वापरणाऱ्यांचे हितसंबंध. दुसरं, माशांचं संवर्धन. तिसरं, समुद्रातली कायदा-सुव्यवस्था. क्रमाला वजन द्यायचं की नाही यावर वाद घालता येईल. मी देतो. माणसामाणसांतला न्याय वरती आहे, मासा त्याच्याखाली. आणि तिसरं कारण तर थेट कास्त्या रामाच्या खटल्यातून उठून आल्यासारखं वाटतं. याच कायद्याखाली केरळने १९८४ मध्ये प्रादेशिक समुद्रात पर्स सीन, रिंग सीन वगैरे जाळ्यांवर बंदी घातली. व्यवसायस्वातंत्र्याचा मुद्दा घेऊन प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९९३ मध्ये न्यायालयाने ती बंदी उचलून धरली, पारंपरिक मच्छीमारांची उपजीविका हे भक्कम कारण मानून. राज्याच्या अधिकाराबद्दल लिहिणाऱ्याने हा निकाल सारांशावरून नाही, मुळातून वाचायला हवा.

महाराष्ट्राने पर्स सीनवर कडक आदेश काढला फेब्रुवारी २०१६ मध्ये, सोमवंशी समितीच्या अहवालानंतर. पर्स सीन म्हणजे माशांच्या थव्याभोवती गोल वेढा टाकून खालून बटव्यासारखं आवळायचं जाळं. बांगडा-तारलीचा अख्खा थवा एका वेढ्यात. तेव्हापासून सिंधुदुर्ग-रत्नागिरीत ऐकू येणारं वाक्य एकच: ‘मासे बाराच्या बाहेर मारले.’

ते खोटं असं सिद्ध कसं करणार? बारा मैलांवर काही कुंपण नाही. बोट परवाना घेते राज्याचा, निघते राज्याच्या बंदरातून, मासळी उतरवते राज्याच्याच धक्क्यावर, पण पकडली कुठे हे मासळीच्या अंगावर लिहिलेलं नसतं. तामिळनाडूच्या २०२२ च्या पर्स सीन बंदीवर हाच पेच उभा राहिला. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला: बारा मैलांपलीकडे, आठवड्यातून दोनच दिवस, सोमवार आणि गुरुवार, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, बोटीवर माग काढणारं यंत्र लावून. पलीकडे जायला राज्याच्या पाण्यातूनच जावं लागतं, यायलाही तिथूनच. राज्याचं म्हणणं चालेल ते या ये-जेवर.

म्हणून तुम्हाला या विषयात काम करायचं असेल तर निकालांइतकाच वेळ धक्क्यावर घालवा. परवाना कोण तपासतं, दंडाची कारवाई कोणाकडे जाते, हे बघा. आपल्याकडे हे अधिकार आधी तहसीलदारांकडे होते, २०२१ च्या दुरुस्तीने ते मत्स्यव्यवसाय खात्याच्या सहायक आयुक्तांकडे गेले. कागदावर एका ओळीचा बदल. पण महसूल खात्याचा माणूस आणि मत्स्य खात्याचा माणूस यांच्यासमोर उभं राहणाऱ्या तांडेलाला तो एका ओळीचा वाटत नाही.

कवींचं भांडणही मिटलेलं नाही. पालघरच्या समुद्रात दक्षिणेकडच्या बंदरांतल्या लोकांनी कवी मारल्या म्हणून आजही बैठका होतात, तक्रारी जातात. आपल्यापुढ्यात दुसऱ्याने खुंट रोवले तर दाद कोणाकडे मागायची, हा बबन आणि नागूचाच प्रश्न. फरक इतकाच की आता न्यायाधीशाआधी खातं गाठावं लागतं.

सुरुवात करायला एक छोटं काम सांगतो. पावसाळी बंदीचे जुने-नवे आदेश मिळवा. पूर्वी महाराष्ट्रात बंदी १० जूनपासून १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांतलं जे आधी येईल तोपर्यंत असायची. सरकारी आदेशात तिथी! पुढे पश्चिम किनाऱ्याला एकच वेळापत्रक म्हणून १ जून ते ३१ जुलै, असे ६१ दिवस आले आणि पौर्णिमा आदेशातून गेली. नारळ अजून पौर्णिमेलाच वाहतात, बोटी मात्र बऱ्याचदा त्याआधीच सुटलेल्या असतात. दरवर्षी या बंदीचे दोन आदेश निघतात, बाराच्या आतला राज्याचा आणि बाहेरचा केंद्राचा. दोन्ही समोरासमोर ठेवून एकदा ओळीने वाचा. शब्द कुठे जुळतात आणि कुठे जुळत नाहीत ते वहीत टिपून ठेवा.