रँडचा पाठलाग आणि न आलेले साक्षीदार

नगरच्या आमच्या शाळेत नववीच्या वर्गाला मी पुण्याचा प्लेग आणि चाफेकर बंधू सांगत होतो. एका मुलीने हात वर केला, "सर, रँडला कोर्टात का नेलं नाही?" मला लगेच उत्तर सुचले नाही.

त्या रात्री नचिकेत आणि जयू पटवर्धन यांचा '२२ जून १८९७' हा १९७९ सालचा चित्रपट पुन्हा पाहिला. नावात ना रँड, ना चाफेकर, फक्त तारीख. गोष्ट मात्र पाठलागाची. प्लेग समितीचा प्रमुख रँड. त्याच्या अमलात गोरे सैनिक पुण्यात घराघरांत शिरले. युद्ध नव्हते, म्हणून त्याला युद्धगुन्हेगार म्हणता येणार नाही. पण माजघरात लष्कर आलेल्या बाईला हा फरक काय कळणार?

राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर दामोदर आणि बाळकृष्ण यांनी रँड आणि आयर्स्ट यांना गाठले. मग पाठलाग उलटला. सरकारने २०,००० रुपयांचे इनाम लावले. द्रविड बंधूंनी माहिती दिली, दामोदर १८ एप्रिल १८९८ रोजी फासावर गेले. फेब्रुवारी १८९९ मध्ये वासुदेव आणि महादेव रानडे यांनी द्रविडांना मारले. मे महिन्यात ते दोघे आणि बाळकृष्ण, तिघेही फासावर गेले.

दामोदरांच्या आत्मवृत्तात मुसलमानांविषयी कडवटपणा आहे. वाचताना मला तो टोचतो. पण म्हणून पुण्यातला जुलूम खोटा ठरत नाही. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईत याच प्लेग तपासणीवरून जुलाहा विणकरांची मुसलमान वस्ती पेटली. निमित्त होते एका आजारी मुलीच्या तपासणीचे. उंबरठ्याची अब्रू दोन्ही समाजांना सारखीच होती.

मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मला गोखल्यांच्या माफीत सापडले. १८९७ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले विलायतेत होते. सैनिकांनी बायकांवर अत्याचार केल्याचे त्यांनी तिथल्या वर्तमानपत्रात सांगितले. पुरावा मागितला गेला, पण उघडपणे साक्ष द्यायला कुणी पुढे येईना. गोखल्यांना बिनशर्त माफी मागावी लागली. कोण येणार होते? अब्रू घरात गेली, ती चारचौघांत पुन्हा सांगायची कशी? आणि ऐकणारे सरकारही तेच.

नाझी अधिकारी आइकमनला १९६० साली अर्जेंटिनात पकडले. त्यावर 'ऑपरेशन फिनाले' हा २०१८ सालचा चित्रपट आहे. पाठलाग तिथेही आहे. पण पकडल्यावर त्याला गोळी घातली नाही, जेरुसलेमच्या न्यायालयात उभे केले. शंभराहून अधिक साक्षीदार बोलले, जगाने ऐकले.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात सांगितले, "बेटा, रँडला नेता येईल असं कोर्टच नव्हतं." ती म्हणाली, "मग त्या बायकांचं म्हणणं कुणी लिहून ठेवलं?"

पाठलागाचे चित्रपट जरूर पाहावेत. पण गोळीचा आवाज विरल्यावर हा प्रश्न स्वतःला विचारावा.