थुनेर : कॅन्सरवरचं औषध देणारं हिमालयातलं झाड धोक्यात का आहे?

केमोथेरपीत वापरलं जाणारं पॅक्लिटॅक्सेल हे औषध मुळात एका झाडाच्या सालीत सापडलं. इंग्रजीत या झाडाला यू म्हणतात आणि जगभरात त्याच्या अनेक जाती आहेत. हिमालयात वाढणाऱ्या यूला गढवालमध्ये 'थुनेर', तर हिमाचलमध्ये 'रखाल' म्हणतात. औषधी गुणामुळे या झाडाला किंमत आली आणि त्याच किमतीमुळे ते धोक्यात आलं.

कसं असतं हे झाड?

थुनेर हा सदाहरित सूचिपर्णी वृक्ष आहे. साधारण १८०० ते ३३०० मीटर उंचीवरच्या ओलसर, थंड जंगलात मोठ्या झाडांच्या सावलीत तो वाढतो. सूचिपर्णी असूनही त्याला चीड किंवा देवदारासारखे शंकू येत नाहीत. त्याचं बी लाल, मऊ गराच्या छोट्या वाटीत बसलेलं असतं. हा गर पक्षी खातात आणि बी दूर नेऊन टाकतात. गर सोडला तर पानं, साल, बी असे बहुतेक सगळे भाग विषारी असतात.

नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बी रुजायला वर्ष-दोन वर्षं लागू शकतात आणि झाडाची वाढही अगदी संथ असते. त्यामुळे एक मोठं झाड गेलं, की त्याची जागा भरून निघायला काही पिढ्या जातात.

औषध कसं सापडलं?

१९६२ मध्ये अमेरिकेत पॅसिफिक यू या जातीची साल तपासणीसाठी गोळा करण्यात आली. पुढे नॉर्थ कॅरोलिनातल्या प्रयोगशाळेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी तिच्यातला प्रभावी घटक वेगळा केला. १९७१ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध झाली. यातले मनसुख वाणी मूळचे आपल्या महाराष्ट्रातल्या नंदुरबारचे.

पेशी विभागताना तिच्या आत सूक्ष्म नलिका तयार होतात आणि काम झालं की सुटतात. हे औषध त्या नलिका सुटूच देत नाही. त्यामुळे कॅन्सरच्या पेशीचं विभाजन अडतं आणि ती मरते. १९९२ मध्ये अमेरिकेत अंडाशयाच्या कॅन्सरसाठी त्याला मंजुरी मिळाली. आज स्तन आणि फुप्फुसाच्या कॅन्सरवरही ते वापरतात.

मग अडचण कुठे झाली?

सालीत हा घटक अत्यल्प असतो. एक किलो औषधासाठी सुमारे १० हजार किलो साल लागायची. खोडाभोवतीची साल पूर्ण सोलली, की पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत पोहोचत नाही आणि झाड मरतं.

यावर उपाय सापडला तो पानांमध्ये. यूच्या पानांत मिळणाऱ्या दुसऱ्या एका घटकापासून प्रयोगशाळेत हेच औषध बनवता येऊ लागलं. बेताने छाटली तर पानं पुन्हा येतात. आता टाक्यांमध्ये वाढवलेल्या यूच्या पेशींपासूनही औषध मिळतं.

पण हिमालयात मागणीचा फटका बसायचा तो बसलाच. ओरबाडून घेतलेली पानं आणि साल, शिवाय लाकडासाठीची तोड यामुळे झाडं झपाट्याने कमी झाली. आययूसीएनच्या यादीत हिमालयातला यू 'संकटग्रस्त' आहे. १९९५ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 'साइट्स' कराराचं नियंत्रण आहे.

झाड वाचवण्यासाठी काय केलं जातंय?

बी रुजायला वेळ लागत असल्याने फांदीच्या कलमांपासून रोपं तयार केली जातात. मात्र नराच्या कलमातून नर आणि मादीच्या कलमातून मादीच येते. म्हणून लागवडीत दोन्ही हवीत, नाहीतर पुढे बी धरणारच नाही. लागवडीतल्या झाडांची पानं मिळू लागली, तर जंगलातल्या झाडांवरचा भार कमी होतो.

आणि एक महत्त्वाचं : या झाडाची पानं किंवा साल उकळून प्यायल्याने कॅन्सर बरा होत नाही, उलट विषबाधा होऊ शकते. शुद्ध केलेलं औषध ठरलेल्या मात्रेत, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच दिलं जातं.