घड्याळ कधी सुरू होतं?

कोर्टाचे जुने निकाल वाचायची मला खोड आहे. वकील नाही मी, दिवसभर कोड लिहितो आणि शनिवार-रविवारी असलं काहीतरी उकरत बसतो. निकाल हातात आला की लोक आधी 'कोण जिंकलं' ते बघतात. मी आधी तारखा बघतो. आमच्या धंद्याची सवय आहे ती. सिस्टिममध्ये काही बिघडलं की पहिल्यांदा लॉग उघडायचा आणि कुठल्या वेळी काय घडलं ते एकाखाली एक मांडायचं. पुष्कळदा उत्तर तिथेच सापडतं.

आजची गोष्ट अशीच तारखांची आहे. कोलंबस रिक्स नावाच्या एका प्राध्यापकाची. कॉलेजने त्यांना कायम केलं नाही, म्हणून ते कोर्टात गेले आणि थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत पोचले. पण सुप्रीम कोर्टाने जो प्रश्न सोडवला तो त्यांनी विचारलेला प्रश्नच नव्हता!

आधी थोडी पार्श्वभूमी. डेलावेअर हे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं चिमुकलं राज्य. गोऱ्यांच्या कॉलेजात काळ्यांना प्रवेश नाही, अशा काळात १८९१ साली राज्याने काळ्या विद्यार्थ्यांसाठी वेगळं सरकारी कॉलेज काढलं. तेच पुढे डेलावेअर स्टेट कॉलेज झालं (१९९३ पासून युनिव्हर्सिटी). रिक्स १९७० मध्ये तिथे शिकवायला लागले. विषय शिक्षणशास्त्र. स्वतः काळे, पण जन्माने लायबेरियाचे.

आता लायबेरिया म्हणजे काय, तर अमेरिकेतल्या मुक्त झालेल्या काळ्या लोकांनी १८२० च्या दशकापासून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जाऊन वसवलेला देश. १८४७ मध्ये स्वतंत्र झाला. राजधानी मनरोव्हिया, नाव एका अमेरिकन अध्यक्षाचं. म्हणजे अमेरिकेतून गेलेल्या काळ्यांनी उभारलेल्या देशातला माणूस, अमेरिकेत काळ्यांसाठी काढलेल्या कॉलेजात नोकरीला आला. आणि त्याची तक्रार काय, तर मी लायबेरियन आहे म्हणून मला डावललं. भेदभाव म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकच साचा येतो, गोरे विरुद्ध काळे. इथे तो साचा चालत नाही. कायद्यात मात्र त्याला जागा होती. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने वंशाबरोबर मूळ देशावरून होणारा भेदभावही बेकायदा ठरवला होता.

अमेरिकन कॉलेजातली बढती आपल्यापेक्षा जरा निराळी असते. नवा प्राध्यापक काही वर्षं उमेदवारीवर असतो. मग त्याला 'टेन्युअर' द्यायचं की नाही ते ठरतं. मिळालं तर नोकरी पक्की, नाही मिळालं तर बाहेर. 'आहे त्याच पदावर राहा बापडा' अशी मधली सोय बहुधा नसते. पण लगेच हाकलत नाहीत. प्राध्यापकांच्या संघटनेने १९४० मध्ये कॉलेजांच्या संघटनेबरोबर मिळून जी तत्त्वं ठरवली, त्यात अशा माणसाला वर्षभर आधी सूचना द्यावी असं आहे. तेवढ्यात त्याने दुसरी नोकरी शोधावी. म्हणून त्याच्याशी एक वर्षाचा शेवटचा करार करतात. चालीरीत चांगलीच आहे. पण रिक्स यांचं घोडं अडलं ते नेमकं या चांगल्या चालीरीतीत.

आता लॉग उघडू.

फेब्रुवारी १९७३ : बढती आणि टेन्युअरच्या समितीने रिक्स यांच्या विरोधात शिफारस केली. पुढच्या वर्षी फेरविचार करू म्हणाले.

फेब्रुवारी १९७४ : फेरविचार झाला, मत तेच.

१३ मार्च १९७४ : विश्वस्त मंडळाने ठराव करून टेन्युअर नाकारलं.

मे १९७४ : रिक्स यांच्या तक्रारीवर मंडळाच्याच एका समितीसमोर सुनावणी झाली. निर्णय राखून ठेवला.

२६ जून १९७४ : तक्रार अजून लोंबकळते आहे, आणि मंडळाकडून पत्र आलं की एक वर्षाचा शेवटचा करार देतो, तो ३० जून १९७५ ला संपेल.

४ सप्टेंबर १९७४ : रिक्स यांनी करारावर सही केली.

१२ सप्टेंबर १९७४ : तक्रार फेटाळल्याचं कळवलं.

एप्रिल १९७५ : रिक्स केंद्र सरकारच्या समान संधी आयोगाकडे गेले. आधी राज्याच्या यंत्रणेकडे जावं लागतं, तिने अधिकार सोडल्यावर २८ एप्रिलला तक्रार दाखल झाली.

३० जून १९७५ : नोकरी संपली.

९ सप्टेंबर १९७७ : आयोगाने दोन वर्षांहून जास्त काळ लावून दावा करायची परवानगी दिली आणि रिक्स कोर्टात गेले.

हे वाचून तुम्हाला यात आळशी माणूस दिसतो का? मला तरी नाही दिसत. आधी समिती, मग मंडळ, मग मंडळाकडे तक्रार, मग आयोग, मग कोर्ट. एकेक पायरी चढत गेलेला माणूस आहे हा. नोकरी जायच्या आधीच त्याने आयोगाचं दार ठोठावलं होतं.

पण कायद्यात मुदत असते. १९६४ च्या कायद्याखाली भेदभाव घडल्यापासून १८० दिवसांत आयोगाकडे जायचं. दुसरा आधार होता १८६६ चा, म्हणजे यादवी युद्धानंतर लगेच झालेला कायदा. त्याखाली दाव्याला डेलावेअरमध्ये ३ वर्षं मिळत. आकडे स्वच्छ आहेत. पण १८० दिवस कधीपासून? ३ वर्षं कधीपासून? घडलं ते नक्की कधी घडलं?

इथे तीन उमेदवार आहेत. पहिला, २६ जून १९७४. मंडळाने ठरवलं आणि पत्राने कळवलं. दुसरा, १२ सप्टेंबर १९७४. तक्रार फेटाळली, म्हणजे निर्णय खऱ्या अर्थाने अंतिम झाला. तिसरा, ३० जून १९७५. नोकरी प्रत्यक्ष गेली. डेटाबेसवर काम करणाऱ्यांना हे लगेच कळेल. नोंद केल्याची तारीख वेगळी, मंजुरीची वेगळी आणि अंमल सुरू होण्याची वेगळी. तीन रकान्यांत तीन तारखा ठेवतो आपण. कोर्टाला मात्र एकच निवडायची होती.

निवडीने काय फरक पडतो बघा. २६ जून १९७४ पासून मोजलं तर ३ वर्षं २६ जून १९७७ ला संपतात. दावा सप्टेंबरमधला, म्हणजे अडीच महिने उशीर. १८० दिवस तर १९७४ च्या नाताळाच्या आधीच संपले. सगळं मुसळ केरात. १२ सप्टेंबर धरलं तर १८६६ च्या कायद्याखालचा दावा मुदतीत बसतो, अवघे तीन दिवस राखून. आणि ३० जून १९७५ धरलं तर काहीच प्रश्न नाही, दोन्ही दावे आरामात मुदतीत.

जिल्हा कोर्टाने पहिली तारीख धरली आणि दावा फेटाळला. वरच्या कोर्टाने तिसरी धरली. त्यांचं म्हणणं व्यवहाराला धरून होतं. माणूस अजून नोकरीवर आहे, रोज त्याच लोकांबरोबर काम करतोय, निर्णय बदलेल अशी थोडी आशा आहे. अशा वेळी त्याला मालकावर खटला भरायला लावायचं का?

सुप्रीम कोर्टाचा निकाल १५ डिसेंबर १९८० ला आला, ५ विरुद्ध ४. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती पॉवेल यांनी लिहिला, आणि पारडं पुन्हा पहिल्या तारखेकडे झुकलं. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा. तुमची तक्रार टेन्युअर नाकारल्याची आहे. नोकरी गेली हा त्याचा ठरलेला परिणाम. नोकरी संपवताना वेगळा काही भेदभाव झाला असं तुम्ही म्हटलेलंच नाही. तेव्हा भेदभाव झालाच असेल तर तो निर्णयाच्या क्षणी झाला. परिणाम कधी बोचला याला महत्त्व नाही. आणि अंतर्गत तक्रारीचं काय? ती झालेल्या निर्णयावर दाद मागण्याची वाट आहे. ती चालू असली म्हणून घड्याळ थांबत नाही.

विरोधात चार न्यायमूर्ती, पण त्यांचंही एकमत नाही. स्टुअर्ट, ब्रेनन आणि मार्शल यांच्या मते तक्रारीचा निकाल लागेपर्यंत निर्णय अंतिम म्हणता येत नाही. स्टीव्हन्स एकटे म्हणाले की नोकरी संपली तो दिवस धरा. म्हणजे देशातले नऊ सर्वोच्च न्यायाधीश, आणि 'हे कधी घडलं' या साध्या प्रश्नाला तीन उत्तरं!

पॉवेल यांची बाजू अगदीच टाकाऊ आहे असं मला वाटत नाही. मुदत असायलाच हवी. साक्षीदार विसरतात, कागद हरवतात, समितीतली माणसं निवृत्त होतात. दहा वर्षांनी कोणी उठून दावा केला तर प्रामाणिक कॉलेजनेही बचाव कसा करायचा? शिवाय परिणामापासून मोजायचं तर परिणाम संपतो कधी? कमी पगार, त्यावरून कमी पेन्शन, साखळी जन्मभर चालू राहते. कुठेतरी रेघ ओढावी लागतेच.

पण मला खटकतं ते हे, की ही रेघ साध्या सज्जन माणसाच्या बरोब्बर उलट ओढलेली आहे. आपल्याला काय शिकवलेलं असतं? आधी घरात मिटवा. वरिष्ठांकडे अर्ज करा. एकदम कोर्टकचेरी नको. रिक्स यांनी तेच केलं, आणि तेवढ्यात घड्याळ टिकटिकत राहिलं. भांडखोर माणूस जून १९७४ मध्येच आयोगात गेला असता आणि मुदतीत बसला असता.

पुढच्याच वर्षी, १९८१ मध्ये, प्वेर्तो रिकोच्या शिक्षण खात्यातल्या अधिकाऱ्यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने हाच नियम लावला. काढून टाकल्याचं पत्र मिळालं तोच दिवस धरायचा, प्रत्यक्ष काढलं तो नाही. २००२ मध्ये कोर्टाने आणखी स्पष्ट केलं की बढती नाकारणं ही एक सुटी घटना आहे, प्रत्येक नकाराचं घड्याळ वेगळं. २००७ मध्ये लिली लेडबेटर या टायर कारखान्यातल्या बाईंचा कमी पगाराचा दावा याच तर्काने बुडाला, पुन्हा ५ विरुद्ध ४. त्यावर इतका गदारोळ झाला की २००९ च्या जानेवारीत कायदाच बदलला. ओबामांनी अध्यक्ष म्हणून सही केलेला तो पहिला कायदा. आता प्रत्येक कमी पगारागणिक घड्याळ नव्याने सुरू होतं. मात्र हे पगाराबद्दल. नुसत्या नाकारलेल्या बढतीला या कायद्याचा फायदा मिळत नाही, असं वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने २०१० मध्ये सांगितलं.

आपल्याकडे काय? इथे गोष्ट जरा वेगळी वळते. १९८९ मध्ये एस. एस. राठोड विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात आपल्या सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायमूर्तींनी ठरवलं की सरकारी नोकराला नियमाप्रमाणे अपील करायची सोय असेल तर मूळ आदेशाची तारीख धरायची नाही, अपिलाच्या निकालाची धरायची. आणि वरिष्ठांनी सहा महिन्यांत उत्तरच दिलं नाही तर ते सहा महिने संपले तो दिवस. म्हणजे रिक्स यांच्या बाबतीतली दुसरी तारीख! दार ठोठावून थांबलेल्या माणसाला आपण त्याबद्दल शिक्षा करत नाही. केंद्रीय न्यायाधिकरणाच्या १९८५ च्या कायद्यातही हीच मांडणी आहे. त्या दिवसापासून एक वर्ष.

अर्थात हुरळून जायचं कारण नाही. त्याच निकालात म्हटलंय की नियमात नसलेले अर्ज पुन्हा पुन्हा करत बसलात तर मुदत वाढत नाही. बढतीच्या बाबतीत तर कोर्ट आणखी कडक आहे, कारण तुम्हाला मागच्या तारखेने वर नेलं की मधे बसलेली बाकीची माणसं खाली सरकतात. तमिळनाडूतल्या एका अभियंत्याला १९५७ मध्ये डावललं होतं, तो चौदा वर्षांनी कोर्टात गेला. १९७४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, सहा महिन्यांत, फार तर वर्षभरात यायला हवं होतं. महाराष्ट्रातल्या खासगी शाळांच्या १९७७ च्या कायद्यात बढतीत डावललेल्या शिक्षकाला न्यायाधिकरणाकडे अपिलाचा हक्क आहे. पण नोकरीवरून काढल्याच्या आदेशावर अपील करायचं तर आदेश हातात पडल्यापासून फक्त ३० दिवस आहेत. कित्येक शिक्षकांचे ३० दिवस 'संचालकांशी बोलून बघतो' यातच जात असणार.

तेव्हा तुमच्यापैकी कोणावर अशी वेळ आली, तर अर्ज-विनंत्या जरूर करा. पण पत्र हातात पडलं त्या दिवसाची तारीख त्यावर लिहून ठेवा, मुदत किती ते त्याच आठवड्यात वकिलाला विचारा, आणि तुमचा अर्ज नियमात बसणारा आहे की नुसता कागद आहे ते नीट बघून घ्या.

असो. सुप्रीम कोर्टाने रिक्स यांचा दावा फेटाळल्याचा मूळ हुकूम पुन्हा लागू करायला सांगितलं आणि प्रकरण संपलं. या सगळ्यात एक गोष्ट राहूनच गेली. ते लायबेरियाचे होते म्हणून त्यांना नाकारलं, की ते खरंच कमी पडले? कॉलेजला याचं उत्तर कोर्टात द्यावंच लागलं नाही. साडेसहा वर्षं, तीन कोर्टं, तेरा न्यायाधीश. मूळ प्रश्नावर एकही साक्ष झाली नाही.